कच्च्या तयारीची शर्यत



आपल्या सोलापूर जिल्ह्यात ‘हंगाम’ म्हटले की आधी ऊस डोळ्यांपुढे येतो. कारखान्यांची धुराडी पेटतात, रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते. अलीकडे मात्र आपल्या काही युवकांच्या तोंडी आणखी एका हंगामाची भाषा ऐकू येते. पाऊस ओसरला की शर्यतींचा हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत चालतो. त्यांतली एक शर्यत विशेष आहे. आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन तसेच ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकल ठेवून लगेच धावायला लागायचे. मध्ये विश्रांती नाही. घड्याळ सुरूच असते. कपडे आणि बूट बदलायला लागणारा वेळही हिशेबात धरला जातो. हिला ट्रायथलॉन म्हणतात. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिचा पहिल्यांदा समावेश झाला. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. ‘आयर्नमन’ या नावाने ओळखली जाणारी शर्यत याहून फार मोठी. तीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर धावणे. हे सारे १७ तासांच्या आत. सोलापूरहून सायकलने निघून इंदापूरच्या दिशेने ९० किलोमीटर जायचे, तिथून परत यायचे, आणि मग मॅरेथॉनला उभे राहायचे, असे म्हटले म्हणजे थोडी कल्पना येईल.

मराठी माणसाच्या कानावर हे नाव घरोघरी गेले ते जुलै २०१५ मध्ये. मिलिंद सोमण यांनी वयाच्या ४९व्या वर्षी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे ही शर्यत १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ गृहस्थांनी आपापल्या पोटाकडे पाहिले असावे. पुढे २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच मालिकेतील अर्ध्या अंतराची शर्यत भारतात पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. तो दिवस रविवार होता, आणि त्या वर्षीचा मिशन रविवारही होता. या योगायोगाकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

आज आम्हाला लिहायचे आहे ते हंगामाच्या पहिल्या शर्यतीविषयी. या खेळातली जाणती मंडळी सांगतात की हंगामाच्या तोंडाशी होणारी शर्यत ही कच्च्या तयारीची असते. पावसाळ्यात सायकल बाहेर काढता आलेली नसते, तलाव गढूळ असतात, अंगावर चार किलो जास्तीचे चढलेले असतात. आपण जिंकणार नाही, किंबहुना आपल्याच गेल्या वर्षीच्या वेळेच्या जवळपासही जाणार नाही, हे ठाऊक असते. तरीही माणूस नाव नोंदवतो. आमच्याकडे एका मातेने याच संदर्भात गाऱ्हाणे घातले, “पैसे भरून अंग मोडून घ्यायचं, आणि तेही तयारी झालेली नसताना. यात शहाणपण कुठलं, फादर?”

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. तयारी नसताना एखाद्या कार्यास हात घालावा का, हा एक. आणि कोणी सांगितलेले नसताना स्वतःहून कष्ट ओढवून घेण्यात काही पुण्य आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न शर्यतीपुरते नाहीत, म्हणून ते या पानावर घेण्याचे आम्ही ठरवले.

पहिला प्रश्न पवित्र शास्त्रातच दोन बाजूंनी उभा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहील आणि येणारेजाणारे हसतील, असा त्याचा आशय. आता संत मत्तयचा पंचविसावा अध्याय उघडा. तिथे धन्याने दिलेली मोहोर जमिनीत पुरून ठेवणारा सेवक भेटतो. त्याने काहीही उधळले नाही, चोरले नाही. धंद्यात बुडण्याची भीती वाटली म्हणून त्याने धंदाच केला नाही. धनी मात्र त्याच्यावर जेवढा रागावला, तेवढा तो क्वचितच कोणावर रागावलेला दिसतो. मग आपण कोणाचे ऐकावे? हिशेब पुरा होईपर्यंत थांबावे, की थांबणे हेच मोहोर पुरणे ठरते?

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथातील एक जोडी शिकवली जात असे. माणसाचे मन मोठ्या कार्याकडे झेपावते तेव्हा ते दोन बाजूंनी चुकू शकते. आपल्या शक्तीच्या बाहेरचे काम अंगावर घेणे ही एक चूक. तिला ते फाजील आत्मविश्वास म्हणतात. आपल्या शक्तीत असलेले काम भीतीपोटी टाळणे ही दुसरी. तिला आपण मनाचा कोतेपणा म्हणू. आणि या दुसऱ्या दोषासाठी संत थॉमस उदाहरण देतात ते नेमके मोहोर पुरणाऱ्या सेवकाचे. आपण सहसा पहिल्या दोषाला हसतो आणि दुसऱ्याला नम्रता समजतो. “माझी कुठे एवढी लायकी, फादर” असे म्हणून वाचन करायला, गायनमंडळात यायला किंवा संडे स्कूल घ्यायला नकार देणारे कितीतरी जण आम्हाला भेटतात. त्यांतले काही खरोखर नम्र असतात. काहींना मात्र फक्त फजितीची भीती असते.

अडचण अशी, की आपली शक्ती किती हे बसल्या जागी कळत नाही. बुरूज बांधणाऱ्याला दगड आणि चुना मोजता येतो. पण शरीर, मन आणि धीर यांचा हिशेब कागदावर मांडता येत नाही. पोहण्याच्या तलावात दर पंचवीस मीटरवर भिंत हाताला लागते. समुद्रात ती लागत नाही, आणि तेथे पहिल्या दोन मिनिटांत माणसाचा श्वास कसा फुलतो हे तलावात कधीच समजत नाही. दोन तास सायकल चालवून खाली उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, आणि पहिला किलोमीटर आपण दुसऱ्याच कोणाच्या पायांनी धावतो आहोत असे वाटते. हे ऐकून माहीत असणे वेगळे. कच्च्या तयारीची पहिली शर्यत म्हणजे आमच्या मते हिशेबाला बसण्याचीच एक रीत आहे. ती बुरूज बांधायला काढत नाही, ती दगड मोजते. म्हणून शुभवर्तमानातले ते दोन्ही दाखले येथे एकमेकांच्या आड येत नाहीत. मोहोर बाजारात नेली तरच तिची किंमत कळते, आणि किंमत कळली तरच हिशेब होतो.

प्राचीन ग्रीसमध्येही असे काही होते. ऑलिंपियाच्या खेळांना येणाऱ्या मल्लांना आधी दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे आणि खेळांपूर्वी एलिस या नगरात पंचांच्या नजरेखाली काही काळ काढावा लागे. कोण खरा आणि कोण नुसता मिरवणारा, याची तिथे पारख होई. संत पौल ज्या करिंथ नगरात सुमारे दीड वर्ष राहिला, त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, आणि इ.स. ५१ च्या सुमारास तो तिथे असताना ते झाले असावेत असे अभ्यासक मानतात. तिथल्या विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. कधी देवदाराच्या जातीच्या झाडाचा, कधी वाळलेल्या भाजीच्या पाल्याचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो धावणाऱ्यांचा आणि मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो, तो त्याच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. त्या उताऱ्याच्या शेवटी संत पौल जे म्हणतो त्याकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. इतरांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये, ही त्याची धास्ती आहे. विजयाची खात्री त्याने गृहीत धरलेली नाही. एवढ्या मोठ्या प्रेषिताला स्वतःची परीक्षा घेत राहावेसे वाटत होते.

मात्र येथे आम्हाला एक कुंपण घालावेसे वाटते, कारण दृष्टान्त फार ताणला की फाटतो. “आधी करून पाहू, जमले तर पुढे” हा नियम शर्यतीला लागू पडतो म्हणून सगळ्याला लागू पडत नाही. काही गोष्टी करून पाहता येतात आणि काही फक्त देता येतात. विवाहाची कच्ची शर्यत नसते. एखाद्या माणसाला सहा महिने वापरून बघतो, असे म्हणण्यात त्या माणसाचा अपमान आहे. कारण प्रेमाला जे हवे असते ते म्हणजे परतीची वाट बंद करणे, आणि नेमके तेच या ‘करून पाहण्यात’ राखून ठेवलेले असते. ख्रिस्तसभेने म्हणूनच आधीचा काळ दिला आहे. विवाहापूर्वी ओळखीचा आणि विवाह-प्रशिक्षणाचा काळ, धर्मगुरू होण्याआधी सेमिनरीची वर्षे आणि उपदीक्षा, धर्मभगिनींसाठी नवशिक्षण. तिथे चुकण्याला, मागे फिरण्याला जागा आहे, आणि मागे फिरणाऱ्याला कोणी पळपुटा म्हणू नये. आमच्याबरोबर सेमिनरीत असलेले काही जण परत गेले. ते आज उत्तम पती आणि पिता आहेत. शर्यत मध्येच सोडणाऱ्याविषयी बोलताना आम्हाला त्यांची आठवण होते.

आता दुसरा प्रश्न, आणि तो आम्हाला अधिक बोचतो. आपल्या धर्मग्रामात आणि आपल्या शेजारी अशी घरे आहेत जिथे स्त्रिया दिवसभर मांडी घालून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, आणि त्या हजार पुऱ्या करायला मान, पाठ, बोटे यांची जी चाकरी लागते तिला कोणी पदक देत नाही. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस घरी जाताना किती किलोमीटर चालून आला हे त्याला विचारणारे घड्याळ नसते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे चढलेला असताना डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईने कुठे नाव नोंदवलेले नसते, आणि “आज जमत नाही” म्हणून बाजूला बसण्याची मुभाही तिला नसते. अशा शहरात एखादा तरुण हजारो रुपये प्रवेश शुल्क भरतो, लाखभराची सायकल घेतो आणि थकून घरी येतो, तेव्हा त्या थकव्याला आपण काय नाव द्यावे?

त्याग हे नाव देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘माझी तपश्चर्या’, ‘माझा संघर्ष’ असे शब्द या क्षेत्रात सर्रास वापरले जातात. शर्यतीपूर्वी साखर सोडणारा आणि प्रायश्चित्तकाळात साखर सोडणारा, दोघांच्या चहात सारखाच कडूपणा असतो. पण एकाने ती वजनासाठी सोडली, दुसऱ्याने प्रभूसाठी आणि वाचलेल्या पैशांतून शेजाऱ्यासाठी. कष्टाला स्वतःचे असे पुण्य नसते. कष्ट कोणासाठी, कशासाठी, यावरून त्याचे मोल ठरते. संत थॉमस धैर्याविषयी लिहिताना म्हणतात की धैर्याचे मुख्य कृत्य चढाई करणे हे नसून टिकून राहणे हे आहे. चढाई करणारा स्वतःला बलवान समजून पुढे जातो आणि संकट अजून पुढे असते. टिकून राहणाऱ्यावर संकट येऊन ठेपलेले असते, तेही दीर्घकाळ. या व्याख्येत विडी कामगार भगिनी अगदी सहज बसतात. ट्रायथलॉनपटू बसतो का, हे त्याने स्वतःला विचारावे.

मग शर्यत निरर्थक आहे का? तसेही नाही. तिचे खरे नाव खेळ आहे, आणि खेळ या शब्दात कमीपणा काहीच नाही. त्याच संत थॉमस यांनी खेळाला एका सद्‌गुणाचा विषय मानले आहे आणि जो स्वतः कधी खेळत नाही व दुसऱ्यालाही खेळू देत नाही त्याला दोष दिला आहे. जुन्या तपस्व्यांची एक गोष्ट ते सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर विनोदात रमलेला पाहून कोणी तरी नाक मुरडले. योहानाने त्याला हातातील धनुष्याने बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले, असेच सतत सोडत राहशील का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे. २९ ऑक्टोबर २००० रोजी, महाज्युबिली वर्षात, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये क्रीडापटूंसाठी मिस्सा अर्पण केली. ते स्वतः डोंगर चढणारे, बर्फावरून घसरणारे, होडी वल्हवणारे होते. १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला. तेव्हा चर्चला घामाचे वावडे आहे असा समज कोणी करून घेऊ नये. धर्मशिक्षण ग्रंथ परिच्छेद २२८९ मध्ये जो इशारा देतो तो वेगळ्या गोष्टीचा आहे: शरीराची पूजा मांडू नका, खेळातील यशासाठी सारे काही ओवाळून टाकू नका.

या खेळाचा जन्मही गमतीतच झाला. हवाई बेटांवर कोण अधिक तंदुरुस्त, पोहणारे की धावणारे, असा वाद चालला होता. नौदलातील जॉन कॉलिन्स यांनी सुचवले की तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. जिंकणारे गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या स्पर्धकाच्या मदतनिसांकडील पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली असे सांगतात. आमचे युवक त्या भागाचे अनुकरण करणार नाहीत अशी आशा आहे. पुढे १९८२ साली ही शर्यत फेब्रुवारीतून ऑक्टोबरमध्ये नेण्यात आली. कारण साधे होते. थंड प्रदेशातल्या लोकांना फेब्रुवारीपर्यंत सरावच करता येत नव्हता. म्हणजे तयारी होईपर्यंत थांबायला मिळावे, अशी सोय आयोजकांनी केली. आयुष्यात बहुतेक वेळा तारीख अशी पुढे सरकत नाही.

टिकून राहण्याची ही सवय मैदानाबाहेर कामी येते का? आमचे युवक म्हणतात, येते. आम्हाला इतकी खात्री नाही. नव्वद किलोमीटर सायकल चालवणारा माणूस अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ अर्धा तास बसू शकत नाही, असे होऊ शकते. माणूस जे करतो तेच त्याला करता येऊ लागते, असे अॅरिस्टॉटलचे म्हणणे. सायकल चालवून सायकल चालवता येते. वडिलांजवळ बसण्याची सवय वडिलांजवळ बसूनच लागते. मात्र एक गोष्ट शर्यतीतून नेता येण्याजोगी आहे असे आम्हाला वाटते. अर्ध्या वाटेवर, जेव्हा सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो, तेव्हा मनात जे कारणांचे दुकान उघडते, ते ओळखू येणे. “आता सोडले तरी चालेल, कोण विचारतो.” हा आवाज एकदा नीट ऐकलेला असला, तर तो घरात, कामावर, प्रार्थनेत पुन्हा ऐकू आला की माणूस म्हणू शकतो, अरे, हा तर ओळखीचा आहे. उपयोग एवढाच, आणि तोही करून घेतला तर.

अमेरिकेतील डिक हॉइट या पित्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. त्यांचा मुलगा रिक जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अपंग होता, त्याला चालता-बोलता येत नव्हते. मुलाने शर्यतीत जाण्याची इच्छा दाखवली आणि पित्याने त्याला नेले. पोहताना रबरी होडीत बसवून दोरीने ओढत, सायकलला पुढे आसन लावून, धावताना खुर्ची ढकलत. १९८९ साली दोघांनी हवाईची ती पूर्ण शर्यत अशी संपवली. पिता २०२१ मध्ये वारला, मुलगा २०२३ मध्ये. या दोघांच्या बाबतीत ‘खेळ’ आणि ‘त्याग’ यांच्यातली रेघ कुठे ओढावी, हे आम्हाला सांगता येत नाही.

आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना कोणी शर्यतपटू म्हणणार नाही. १९३८ साली ते चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. शरीराला झेपते त्याहून अधिक त्यांनी ओढले. एखाद्या हौशी धावपटूने असे केले तर आम्ही त्याला दटावू. कोटणीसांना दटावण्याचे धाडस आम्हाला होणार नाही. समोर जखमी माणूस असतो तेव्हा शरीर खर्च करण्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो.

आणि नेमके म्हणूनच, समोर फक्त पदक असते तेव्हा थांबता आले पाहिजे. फेब्रुवारी १९८२ च्या शर्यतीत ज्युली मॉस नावाची तरुण विद्यार्थिनी पुढे चालली होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि अखेर हातापायांवर रांगत रेघेपर्यंत पोहोचली. तोवर दुसरी स्पर्धक तिच्या पुढून निघून गेली होती. टेलिव्हिजनवरचे ते दृश्य पाहून हजारो लोक या खेळाकडे वळले. आम्हाला तिच्या जिद्दीचे कौतुक आहे, पण हे चित्र आपल्या मुलांच्या भिंतीवर लावायला आम्ही बिचकतो. विवेक हा सद्‌गुण धैर्याच्या आधी येतो. छातीत दुखते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, डॉक्टर बाजूला व्हा म्हणत आहेत, तरी “मी सोडणाऱ्यांतला नाही” म्हणून पुढे जाणे याला पाचवी आज्ञा धैर्य म्हणत नाही. घरी वाट पाहणारी पत्नी आणि मुले म्हणत नाहीत. कच्च्या तयारीच्या शर्यतीला उतरणाऱ्याने निघण्यापूर्वीच घरच्यांना सांगावे की मी कुठे थांबेन. आणि थांबून परत आलेल्याला आपण “काय झाले, जमले नाही का?” असे विचारू नये. जेवलास का, असे विचारावे.

आपल्या प्रदेशाला लांब चालण्याची परंपरा जुनी आहे. आळंदी-देहूहून निघालेले वारकरी तीन आठवड्यांच्या आसपास चालून आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला पोहोचतात. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारे आपले लोकही पुष्कळ आहेत. तिथे कोण पहिला आला याची नोंद नसते. पाय सुजलेल्याचे पाय दुसरा चेपून देतो. ट्रायथलॉनमध्ये नियमच असा की बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही, घेतलीत तर बाद. खेळ म्हणून नियम ठीक आहे. तो नियम घरी आणू नये, एवढेच.

आणि सिस्टर मडॉना ब्यूडर यांचे नाव न घेता हा विषय सोडणे बरे नाही. १९३० साली जन्मलेल्या या अमेरिकन धर्मभगिनी ४८व्या वर्षी एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून धावू लागल्या, ५२व्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली, ५५व्या वर्षी पहिली आयर्नमन. पुढे त्यांच्या वयाच्या स्त्रियांसाठी गटच नसल्याने आयोजकांना नवे वयोगट उघडावे लागले. २०१२ मध्ये कॅनडात, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांनी १७ तासांच्या मुदतीच्या आत पूर्ण शर्यत संपवली. धावताना प्रार्थना करते, असे त्या सांगत आल्या आहेत. आपल्या धर्मग्रामातील ज्या भगिनी पन्नाशीनंतर “आता आमचं काय राहिलं” म्हणतात त्यांनी आयर्नमन करावी असा आमचा आग्रह नाही, परंतु सायंकाळी चर्चच्या आवारात चार फेऱ्या मारायला हरकत नसावी.

राहता राहिला रविवार. शर्यती रविवारी पहाटे असतात, रस्ते मोकळे मिळावेत म्हणून. वर्षातून एखाद्या शर्यतीचा प्रश्न असेल तर उत्तर सोपे आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या कलम १२४८ नुसार शनिवारी सायंकाळी मिस्सेला उपस्थित राहिल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. गोव्यात जाणाऱ्यांना तर पणजीत चर्च शोधावे लागणार नाही, पायऱ्यांवरच अडखळाल. पण सरावाचे काय? सहा महिने दर रविवारी पहाटे पाच ते दहा सायकल, आणि मग “थकलो होतो, फादर”. येथे कायद्याचे कलम पुरत नाही. त्या पाच तासांवर कुटुंबाचाही हक्क असतो. बापाला आठवड्यातून एकदाच सकाळी घरी पाहणाऱ्या मुलांशी याविषयी आधी बोलावे. ती आमच्यापेक्षा स्पष्ट उत्तर देतील.

जे युवक या हंगामात पहिल्या शर्यतीला उतरत आहेत त्यांनी आदल्या सायंकाळच्या मिस्सेनंतर थोडे थांबावे, आम्ही आशीर्वाद देऊ. डॉक्टरी तपासणी झाली आहे का, हेही विचारू. सरावाहून थेट येणाऱ्यांसाठी सायकली आवारात, गुहेच्या मागच्या बाजूला लावायला जागा केलेली आहे. कुलूप मात्र ज्याचे त्याने आणावे.